नावेत आणि नावात

‘नाव’, ‘मान’, ‘पाठ’ आणि ‘माळ’ हे चार शब्द फळ्यावर लिहावेत आणि वर्गाला त्यांचे अर्थ विचारावेत. प्रत्येक शब्दाचे दोन-दोन अर्थ पटापट येतात. नाव माणसाचं आणि नाव नदीतली. मान धडावरची आणि मान मिळतो तो. पाठ शरीराची आणि पाठ पुस्तकातला. माळ फुलांची आणि माळ गावाबाहेरचा, उघडाबोडका. आता याच शब्दांना प्रत्यय लावायला सांगावं. नदी ओलांडणारा माणूस ‘नावेत’ बसतो, ‘नावात’ बसत नाही. ओझं ‘मानेवर’ येतं, पाहुण्याला ‘मानाने’ बोलावतात. थाप ‘पाठीवर’ पडते, प्रश्न ‘पाठावर’ विचारतात. मोती ‘माळेत’ ओवतात, गुरं ‘माळावर’ चरतात. वर्गातलं एकही मराठी मूल इथे चुकत नाही. आपण का चुकत नाही, हे मात्र चटकन कुणालाच सांगता येत नाही.

थोडी खटपट केल्यावर उत्तर सापडतं. नदीतली नाव स्त्रीलिंगी आहे आणि माणसाचं नाव नपुंसकलिंगी. लिंग बदललं की प्रत्ययाआधीचं सामान्यरूप बदलतं, आणि सामान्यरूपावरून अर्थ उमगतो. शाळेत व्याकरणाचं पुस्तक हाती येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी माणूस हा नियम पाळत असतो. संगणकाला यातलं काहीही उपजत ठाऊक नसतं. ते त्याला कळेल अशा रीतीने लिहून द्यायचं किंवा भरपूर वाक्यं दाखवून त्याच्याकडून हुडकून घ्यायचं, इथून संगणकीय भाषाविज्ञान सुरू होतं.

हा विषय आज घरोघरी पोहोचला आहे, त्याचं नाव माहीत नसलेल्या घरांतसुद्धा. टंकताना पुढचा शब्द सुचवणारा मोबाइलचा कीबोर्ड, बोललेलं लिहून काढणारी सोय, एका भाषेतला मजकूर दुसऱ्या भाषेत देणारं ॲप, प्रश्नाला परिच्छेदभर उत्तर देणारा चॅटबॉट, या सगळ्यांच्या मुळाशी हीच विद्या आहे. ‘कॉम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्स’ हे तिचं इंग्रजी नाव रूढ करण्याचं श्रेय अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड हेज यांना दिलं जातं. त्यांचं या विषयाचं पाठ्यपुस्तक १९६७ साली आलं. म्हणजे विद्यापीठांत हा विषय शिकवला जातो त्याला अर्धशतक उलटून गेलं. तरीही तो कसा शिकवावा, याची चर्चा अजून संपलेली नाही. याचं कारण वर्गात पाऊल टाकताच दिसतं.

वर्गात दोन प्रकारचे विद्यार्थी येतात. एक अभियांत्रिकीकडून येतो. त्याला प्रोग्राम लिहिता येतो, संभाव्यतेचं गणित येतं, पण ‘कर्मणी प्रयोग’ म्हटलं की त्याला फक्त दहावीचा पेपर आठवतो. दुसरी भाषाविज्ञानाकडून येते. ती रूपिम, स्वनिम, कारक यांवर तासभर बोलू शकते, पण संगणकाला आज्ञा द्यायची म्हणजे तिच्या पोटात गोळा येतो. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात, तशी या विषयाची गत होऊ शकते. प्रोग्रामिंगवर भर दिला तर भाषा बाजूला पडते आणि सिद्धान्तावर भर दिला तर हातून काही घडत नाही. म्हणून अनुभवी शिक्षक या दोघांना एका बाकावर बसवतात आणि एकट्याला सुटणार नाही असं काम जोडीने करायला देतात.

अशा कामाचा एक साधा नमुना पाहू. प्रोग्रामिंगच्या पहिल्या आठवड्यात शब्द उलटा करायला शिकवतात. इंग्रजी शब्द सुरळीत उलटतो. आता ‘विद्यार्थी’ हा शब्द द्यावा. आपल्या डोळ्यांना तिथे ‘वि’, ‘द्या’ आणि ‘र्थी’ अशी तीन अक्षरं दिसतात. संगणक मात्र दहा मोजतो, कारण त्याच्या लेखी व, वेलांटी, द, हलन्ताची खूण, य, काना, र, पुन्हा हलन्ताची खूण, थ आणि शेवटची वेलांटी या दहा स्वतंत्र वस्तू आहेत. त्या दहांची रांग उलटी केली की सुरुवातीलाच निराधार वेलांटी लटकू लागते आणि पुढे शब्दात कधीच नसलेली नवी जोडाक्षरं तयार होतात. प्रोग्राम बरोबर होता, तरी उत्तर चुकलं. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पहिल्यांदाच प्रश्न पडतो की अक्षर म्हणजे नेमकं काय. त्याचं उत्तर शेजारी बसलेल्या भाषेच्या विद्यार्थिनीकडे असतं.

मराठीत याहून अवघड जागा आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावलं तर प्रवचन होईल, ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर स्वयंपाक. सगळा फरक एका अर्ध्या र च्या वळणात आहे. हा मराठीचा अर्धा र संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो. एकच शब्द अशा दोन प्रकारे साठवला तर पडद्यावर दोन्ही रूपं हुबेहूब सारखी दिसतात, पण यंत्रासाठी ती वेगळी असतात. परिणाम असा की शोधायला घेतलेला शब्द समोर असूनही सापडत नाही. हजारो पानांचा मजकूर गोळा करण्याआधी असली रूपं एकसारखी करून घ्यावी लागतात. या कामाची जाण भाषणं ऐकून येत नाही, दोन-तीन रात्री डोकं खाजवल्यावरच येते.

त्यानंतर प्रश्न येतो शब्दाचा. इंग्रजीत दोन रिकाम्या जागांमधला मजकूर म्हणजे शब्द, असं मानून बरंच काम चालून जातं. मराठीत ‘घरासमोरच्यांनाही’ हा एकच शब्द आहे. त्याच्या पोटात घर आहे, त्याचं सामान्यरूप आहे, ‘समोर’ आहे, ‘चा’चं अनेकवचनी रूप आहे, ‘ना’ आहे आणि शेवटी ‘ही’ आहे. इंग्रजीत यासाठी पाच-सहा सुटे शब्द वापरावे लागतात. इंग्रजीसाठी लिहिलेल्या जुन्या प्रोग्रामांची एक लाडकी युक्ती म्हणजे शब्दाचं शेपूट छाटून मूळ शब्द मिळवायचा. ही युक्ती ‘नावेत’ आणि ‘नावात’ या दोघांवर चालवली की दोघांचाही ‘नाव’ होतो आणि अर्थ ज्यामुळे कळत होता नेमकी तीच खूण गळून पडते. एका भाषेवर बेतलेली रीत दुसऱ्या भाषेला डोळे झाकून लावता येत नाही, हे विद्यार्थ्याला अशा उदाहरणातून उमजतं.

अभ्यासक्रमात इतिहास असतो तोही याच कारणासाठी. ७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम कंपनी यांनी यंत्राकरवी रशियन वाक्यांचं इंग्रजी भाषांतर करून दाखवलं. शब्दसंग्रह २५० शब्दांचा, व्याकरणाचे नियम फक्त सहा आणि वाक्यं साठेक. तीन ते पाच वर्षांत यंत्रभाषांतराचा प्रश्न बराचसा सुटेल, अशी आशा तेव्हा बोलून दाखवली गेली. १९६० साली येहोशुआ बार-हिलेल यांनी एक छोटं इंग्रजी वाक्य पुढे ठेवलं. त्याचा शब्दशः अर्थ, पेटी ‘पेन’मध्ये होती. इंग्रजीत ‘पेन’ म्हणजे लेखणी आणि लहान मुलांना खेळायला सोडतात ते कुंपणही. पेटी लेखणीत मावत नाही आणि कुंपणात मावते, हे माणसाला जगात वावरून कळतं. ते व्याकरणाच्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नसतं. १९६६ साली अमेरिकेत ‘अल्पॅक’ समितीचा अहवाल आला, त्याने यंत्रभाषांतराच्या प्रगतीवर कठोर शेरे मारले आणि तिथे या कामाला मिळणारा पैसा आटला. बार-हिलेल यांचं ते वाक्य आजही वर्गात फळ्यावर येतं, कारण नियम किती पुरतात आणि कुठे कमी पडतात याचा अंदाज त्यातून एका झटक्यात येतो.

हा विषय विद्यापीठात रुजवणाऱ्या माणसांमध्ये एक नाव पुण्याचं आहे. अरविंद कृष्ण जोशी यांचा जन्म १९२९ साली पुण्यात झाला. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी पुण्यात घेतली, पुढे बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकले आणि मग अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. तिथे भाषाशास्त्रज्ञ झेलिग हॅरिस यांच्या प्रकल्पात, १९५० चं दशक संपत असताना, युनिव्हॅक संगणकावर इंग्रजी वाक्याची व्याकरणिक फोड करणारा प्रोग्राम तयार झाला. जगातल्या अगदी पहिल्या काही प्रोग्रामांमध्ये त्याची गणना होते आणि तो घडवणाऱ्यांत तरुण जोशी होते. १९६० साली त्यांनी तिथेच पीएच.डी. मिळवली. पुढची सगळी कारकीर्द त्यांनी त्याच विद्यापीठात शिकवण्यात घालवली.

जोशींचं सर्वांत गाजलेलं काम म्हणजे १९७५ साली लिऑन लेव्ही आणि मासाको ताकाहाशी यांच्यासह मांडलेली व्याकरणाची नवी रीत. तिचं इंग्रजी नाव ‘ट्री ॲडजॉइनिंग ग्रामर’. कल्पना कोकणातल्या बागायतदाराला लगेच कळेल अशी आहे. वाक्याची रचना झाडासारखी मांडायची आणि एका झाडाच्या मधोमध दुसरं छोटं झाड कलमासारखं बांधायचं. ‘मुलगा आंबा खातो’ हे एक लहान झाड. त्याच्या मध्यभागी ‘रोज’चं कलम बसवलं की ‘मुलगा रोज आंबा खातो’ तयार होतं. कर्ता, कर्म, क्रियापद यांचं आपसातलं नातं मूळ झाडात जसंच्या तसं राहतं. माणसाच्या भाषेला गणिताची नेमकी किती ताकद लागते, फार कमी पडू नये आणि फार जास्तही होऊ नये, हा जोशींचा ध्यास होता.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जिचा शिक्षणाशी थेट संबंध आहे. मानसशास्त्रज्ञ लायला ग्लाइटमन यांच्यासह त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आकलनविज्ञानाची संशोधन संस्था उभारली. संगणक, भाषा, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान यांचे विद्यार्थी तिथे एका छताखाली बसू लागले. बाकावरच्या त्या जोडीचंच हे मोठं रूप. २००२ साली या विषयाच्या जागतिक संघटनेने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला आणि त्याचे पहिले मानकरी जोशी ठरले. २०१७ च्या शेवटच्या दिवशी त्यांचं निधन झालं.

त्याच विद्यापीठात २००१ साली स्टीव्हन बर्ड आणि एडवर्ड लोपर यांनी संगणकीय भाषाविज्ञानाच्या वर्गासाठी एक साधनपेटी बांधायला घेतली. तिचं नाव ‘एनएलटीके’. तोवर विद्यार्थ्यांचा बराच वेळ वेगवेगळे प्रोग्राम एकमेकांना जोडण्यात जात असे आणि भाषेकडे पाहायला सवड उरत नसे. पायथॉन या वाचायला सोप्या प्रोग्रामिंग भाषेत बांधलेली ही पेटी कुणालाही फुकट घेता येते, उघडून आत काय चाललंय ते पाहता येतं आणि त्यात भर घालता येते. २००२ साली फिलाडेल्फियातच हा विषय कसा शिकवावा यावर शिक्षकांची खास कार्यशाळा भरली. तिथे तिची ओळख करून देण्यात आली आणि पुढे ती जगभरच्या वर्गांत पोहोचली. या पेटीत भारतीय भाषांचा एक छोटा कप्पा आहे. हिंदी, बांगला, तेलुगू आणि मराठी या चार भाषांतली वाक्यं त्यात आहेत आणि प्रत्येक शब्दापुढे तो नाम आहे, क्रियापद आहे की आणखी काही, याची खूण केलेली आहे. नाशिकच्या किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याला आपल्या भाषेवरचा पहिला प्रयोग आजच करायचा असेल, तर संगणकावर दोन-तीन ओळी लिहून तो कप्पा उघडतो.

प्रयोगाला मजकूर लागतो, आणि तो कसा गोळा करावा हे शिकवणं हा अभ्यासक्रमाचा फार मोलाचा भाग आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात हेन्री कुचेरा आणि नेल्सन फ्रान्सिस यांनी १९६१ साली छापलेल्या अमेरिकी इंग्रजी मजकुरातून प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे ५०० नमुने निवडले आणि दहा लाख शब्दांचा संग्रह केला. बातम्या, अग्रलेख, कथा, धार्मिक लेखन, शास्त्रीय लेखन अशी वर्गवारी ठरवून नमुने वेचल्यामुळे भाषेचं समतोल चित्र हाती आलं. हेच माप समोर ठेवून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या देखरेखीखाली भारतीय इंग्रजीचा संग्रह तयार झाला. त्यात १९७८ सालचा मजकूर आहे आणि जगभरचे अभ्यासक त्याला ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणून ओळखतात. पंचगंगेकाठच्या शहराचं नाव या विद्येच्या पाठ्यपुस्तकांत असं कायमचं गेलं आहे.

मजकूर जमला की त्यावर खुणा करायच्या. हे काम वरवर कंटाळवाणं वाटतं, पण वर्गात सगळ्यात जास्त वाद इथेच झडतात. ‘खाली बस’, ‘टेबलाखाली’ आणि ‘खाली बाटली’ या तिन्ही ठिकाणी ‘खाली’ आहे. पहिल्या ठिकाणी ते क्रियाविशेषण, दुसऱ्या ठिकाणी शब्दयोगी अव्यय, तिसऱ्या ठिकाणी विशेषण. दोन विद्यार्थ्यांना तीच शंभर वाक्यं वेगवेगळ्या खोल्यांत बसून तपासायला दिली की त्यांच्या खुणा पूर्णपणे जुळत नाहीत. किती जुळल्या आणि त्यातल्या किती निव्वळ योगायोगाने जुळल्या असत्या, हे मोजायला जेकब कोहेन यांनी १९६० साली एक सूत्र दिलं, ते इथे शिकवतात. मग जिथे खुणा जुळल्या नाहीत ती वाक्यं समोर ठेवून दोघांनी भांडायचं, नियम नव्याने लिहायचा आणि पुन्हा तपासायचं. आपल्या भाषेबद्दल आपल्याला नेमकं काय वाटतं, हे अशा भांडणातून पहिल्यांदा कागदावर उतरतं.

व्याकरणाचे नियम लिहिण्याच्या तासाला मराठी विद्यार्थ्यापुढे खास मेजवानी असते. इंग्रजीत क्रियापद कर्त्याकडे पाहून रूप घेतं. मराठीत ‘मुलगा भाकरी खातो’ म्हणताना तसंच होतं. पण भूतकाळात ‘मुलाने भाकरी खाल्ली’, ‘मुलीने आंबा खाल्ला’. क्रियापदाने कर्त्याकडे पाठ फिरवली आणि ते कर्माच्या लिंगाप्रमाणे चालू लागलं. विद्यार्थी खुशीत नियम लिहितो की भूतकाळात कर्म असेल तर क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. तोच मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘मुलगा लस्सी प्यायला’चं काय? लस्सी स्त्रीलिंगी, तरी क्रियापद मुलाप्रमाणे. खाणं एका नियमाने आणि पिणं दुसऱ्या. मग ‘विसरला’, ‘शिकला’ अशी पिण्याच्या पंगतीतली आणखी क्रियापदं सापडू लागतात आणि यादी वाढत जाते. नियम मोडणारं उदाहरण शोधून आणणाऱ्याला इथे शाबासकी मिळते.

नियम लिहिण्याची ही परंपरा भारतात फार जुनी आहे. सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतची घडण बांधणारा पाणिनी संगणकीय भाषाविज्ञानाच्या वर्गात आदराने येतो, आणि तो निव्वळ अभिमानापोटी येत नाही. आयआयटी कानपूर आणि पुढे हैदराबाद इथे विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांच्या ‘अक्षर भारती’ गटाने पाणिनीच्या कारकविचारावर आधारलेली वाक्यविश्लेषणाची पद्धत घडवली आणि १९९५ साली त्यावर पाठ्यपुस्तक काढलं. तिचा फायदा मराठीतल्या एका वाक्याने कळतो. ‘आईने सुरीने आंबा कापला’ यात ‘ने’ दोनदा आला आहे. पहिला कर्त्याचा, दुसरा साधनाचा. शब्द मागेपुढे केले, ‘आंबा सुरीने आईने कापला’ असं म्हटलं, तरी कापणारी आईच राहते. इंग्रजीत कोण आधी आलं यावरून कर्ता ठरवता येतो. इथे कारक ओळखावं लागतं. हैदराबादच्या आयआयआयटीत संगणकशास्त्रातली बी.टेक. आणि संगणकीय भाषाविज्ञानातली संशोधनाधारित एम.एस. अशा दोन पदव्या एकत्र देणारा अभ्यासक्रम आहे. मुंबईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य यांच्या नेतृत्वाखाली हिंदी आणि मराठी शब्दांची ‘वर्डनेट’ तयार झाली. त्यात शब्द अर्थाच्या नात्यांनी एकमेकांना बांधलेले असतात, आणि त्या कामावर विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या तयार झाल्या.

नियमांइतकाच जुना नसला, तरी मोजणीचा मार्गही संगणकाच्या आधीचा आहे. रशियन गणितज्ञ आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९१३ साली पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’मधली पहिली वीस हजार अक्षरं हाताने मोजली. स्वरानंतर स्वर किती वेळा येतो आणि व्यंजनानंतर स्वर किती वेळा, याचा त्यांनी हिशेब मांडला. आधीच्या अक्षरावरून पुढच्याचा अंदाज बांधता येतो, हे त्यातून दिसलं. हाच प्रयोग वर्गात वर्तमानपत्राच्या एका पानावर तासाभरात करता येतो. मोबाइलचा कीबोर्ड ‘शुभ’नंतर ‘सकाळ’ का सुचवतो, याचं गूढ तिथेच उकलतं. आजच्या चॅटबॉटमागचं गणित कितीतरी अवाढव्य आहे, पण मजकूर लिहिताना तोही पुढच्या तुकड्याचा अंदाजच बांधत असतो.

यंत्र इतकं तयार झालं असताना व्याकरण, खुणा, मोजणी हे सगळं शिकवायचं कशाला, असा प्रश्न आज विद्यार्थीच विचारतात. त्याचं उत्तर एका शब्दात दाखवता येतं. संगणकात साठवताना इंग्रजी अक्षराला सहसा एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. त्यामुळे इंग्रजी ‘स्टुडंट’ सात बाइटांत बसतो आणि आपला ‘विद्यार्थी’ तीस घेतो. चॅटबॉटमागची मोठी भाषाप्रारूपं मजकुराचे तुकडे पाडून वाचतात. हे तुकडे पाडण्याची एक रुळलेली रीत म्हणजे जवळजवळ येणाऱ्या चिन्हांच्या ज्या जोड्या सर्वांत जास्त वेळा दिसतात त्या एकेक करून चिकटवत जायचं. फिलिप गेज यांनी १९९४ साली मजकूर दाबून लहान करण्यासाठी ती काढली होती, आणि २०१६ मध्ये एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी ती भाषांतरासाठी वापरली. शिकवणीच्या साठ्यात इंग्रजी उदंड असेल तर इंग्रजी शब्द अखंड राहतात आणि मराठी शब्दांच्या चिंधड्या होतात. तेच म्हणणं मराठीत मांडायला जास्त तुकडे लागतात, म्हणून वेळ आणि खर्चही जास्त लागतो. ‘घर, घरात, घराला, घराचा’ अशी वीसेक शब्दांची यादी घेऊन विद्यार्थ्यांनी ही चिकटवाचिकटव कागदावर हाताने केली की त्यांना यंत्राच्या पोटातलं दिसू लागतं. ‘नावेत’मधला ‘वे’ अखंड राहतो की तुटतो, हे पाहण्याची सवय त्यातूनच लागते.

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात संगणकीय भाषाविज्ञान शिकवणाऱ्या एमिली बेंडर यांनी संशोधकांना एक शिस्त लावण्याचा आग्रह धरला आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आपण कोणत्या भाषेवर काम केलं, ते स्पष्ट लिहायचं, ती भाषा इंग्रजी असली तरीही. इंग्रजीवर केलेला प्रयोग ‘भाषेवरचा’ म्हणून खपवला जातो आणि इतर भाषांवरचा प्रयोग मात्र एका कोपऱ्यातला मानला जातो, हे त्यांना खटकत होतं. मराठी शिक्षकाने ही शिस्त पहिल्याच दिवशी वर्गात लावावी. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर ‘मराठी’ हा शब्द यावा, यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही.

कारण काम ढीगभर पडलं आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. ‘युनिव्हर्सल डिपेंडन्सीज’ या जागतिक प्रकल्पात जगातल्या भाषांच्या वाक्यांची एकसारख्या पद्धतीने व्याकरणिक फोड करून ठेवलेली असते. त्यातल्या हिंदीच्या मोठ्या संग्रहात सोळा हजारांहून अधिक वाक्यं आहेत. मराठीचा संग्रह प्राग शहराच्या चार्ल्स विद्यापीठाशी जोडलेला आहे आणि त्यात पाचशेही वाक्यं नाहीत. महाराष्ट्रातल्या एखाद्या महाविद्यालयात तीस जणांच्या वर्गाने सत्रभरात आठवड्याला प्रत्येकी दहा वाक्यं नीट तपासून फोडली, तरी हे चित्र बदलू लागेल. हे स्वप्नरंजन नाही, हे पुण्यात झालेलं काम सांगतं. ‘एल३क्यूब’ या गटाच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी २०२१ साली सुमारे सोळा हजार मराठी ट्विटांचा संग्रह केला आणि प्रत्येकातली भावना अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ, याची खूण केली. पाठोपाठ मराठीसाठी आणखी संग्रह आणि भाषाप्रारूपं आली आणि ती सर्वांना खुली आहेत.

अरविंद जोशींचा एक कमी ज्ञात निबंध या वर्गात आवर्जून वाचायला हवा. १९८२ साली प्रागला भरलेल्या परिषदेत त्यांनी मांडलेल्या या निबंधाचा विषय होता एकाच वाक्यात दोन भाषा मिसळून बोलणं, आणि त्यासाठी निवडलेली जोडी होती मराठी आणि इंग्रजी. पुण्या-मुंबईत सर्रास कानावर पडणाऱ्या अशा बोलण्यालाही काटेकोर नियम असतात, असं त्यांनी दाखवलं. मराठी वाक्यात इंग्रजी नाम येईल, क्रियापद येईल, पण ‘वर’, ‘मध्ये’, ‘ला’ यांसारखे छोटे व्याकरणिक शब्द मराठीच राहतील. ‘चेअरवर बस’ असं कुणीही म्हणेल. ‘ऑन खुर्ची बस’ असं कुणाच्याही तोंडून येत नाही.

त्या निबंधाच्या पुढचा अभ्यास आजच्या विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्येच पडून आहे. इंग्रजीतून आलेली नामं मराठी प्रत्यय घेताना काय करतात, ते त्याने आपल्याच संदेशांतून टिपावं. आपण ‘बँकेत’ जातो, पण ‘बसमध्ये’ बसतो. ‘बँके’ला सामान्यरूप मिळालं, ‘बस’ला मिळालं नाही. वस्तू ‘टेबलावर’ ठेवतो, तरी बोलतो ‘मोबाईलवर’. ‘ऑफिसात’ आणि ‘ऑफिसमध्ये’ दोन्ही चालतात, ‘कॉलेजात’ आणि ‘कॉलेजमध्ये’ही. कोणता शब्द कधी मराठी झाला, वयाप्रमाणे फरक पडतो का, सोलापूरचा विद्यार्थी आणि बडोद्यात वाढलेला मराठी विद्यार्थी एकच रूप वापरतात का, याच्या चार रकान्यांच्या तक्त्याने सत्राचा पहिला गृहपाठ सुरू करता येईल. पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात सापडलेलं रूप, तिसऱ्यात वाक्य आणि चौथ्यात बोलणाऱ्याचं गाव.